जुने कर्ज, नवा जाच : वसुलीची मर्यादा आणि कायद्याचा आधार

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कर्ज आणि कर्जबाजारीपणा हा भारतीय अर्थव्यवस्थेच्या अभ्यासक्रमातील जुनाच विषय आहे. ग्रामीण पतपुरवठा, सावकारी, सहकारी बँका, स्वयंसहायता गट या क्रमाने तो शिकवला जातो. मात्र कर्ज थकल्यानंतर कर्जदाराच्या दारात नेमके काय घडते आणि त्या वेळी कायदा कोणत्या बाजूला उभा असतो, हा भाग बहुधा अभ्यासाबाहेरच राहतो. बेंगळुरू शहर आणि त्याच्या परिसरातील अलीकडच्या घडामोडींनी या दुर्लक्षित भागाकडे सर्वांचे लक्ष वेधले आहे. त्यामुळे हा विषय बेंगळुरूच्या संदर्भात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बेंगळुरूची पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञानाची राजधानी ही बेंगळुरूची एक ओळख. पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्ता या भागांतील तयार कपड्यांचे कारखाने ही त्याच शहराची दुसरी ओळख होय. या कारखान्यांतील कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. घरभाडे, मुलांची फी, आजारपण आणि गावाकडचे लग्नकार्य यांचा मेळ अल्प वेतनात बसत नाही. अशा वेळी तारण न मागणारे सूक्ष्म वित्त कर्ज, म्हणजेच मायक्रोफायनान्स, हाच जवळचा मार्ग ठरतो. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज आणि दुसऱ्याचा हप्ता भरण्यासाठी तिसरे, अशी साखळी तयार झाली की एखादे आजारपण किंवा महिनाभराची बेकारीही ती तोडण्यास पुरेशी होते.

कर्नाटकात हा प्रश्न २०२५ मध्ये प्रथमच उद्भवला असे नाही. २००९ मध्ये कोलार आणि रेशीम व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या रामनगर भागात सूक्ष्म वित्त संस्थांच्या कर्जफेडीवर सामूहिक बहिष्कार घातला गेला होता. त्यानंतर ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशाने वसुलीच्या जाचाविरुद्ध अध्यादेश काढला. त्यातून निर्माण झालेल्या परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सूक्ष्म वित्त संस्थांसाठी बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला.

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या अनेक जिल्ह्यांतून वसुलीच्या जाचाच्या तक्रारी पुढे आल्या. कर्जदारांनी घरे सोडल्याच्या आणि आत्महत्या केल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. २५ जानेवारी रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बेंगळुरू येथे सूक्ष्म वित्त संस्थांच्या प्रतिनिधींची बैठक घेतली. त्यानंतर तयार झालेला अध्यादेशाचा पहिला मसुदा राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी परत पाठवला. सूक्ष्म वित्ताची कर्जे ३ लाख रुपयांच्या आतली असताना ५ लाखांचा दंड व १० वर्षांचा कारावास कितपत प्रमाणशीर आहे, तसेच प्रामाणिकपणे कर्ज देणाऱ्यावर अन्याय होणार नाही काय, असे त्यांचे आक्षेप होते. सरकारच्या स्पष्टीकरणानंतर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी अध्यादेश लागू झाला आणि मार्चमध्ये विधिमंडळाने त्याचे विधेयक संमत केले.

कर्नाटकाच्या कायद्याचे स्वरूप

सूक्ष्म कर्ज व लघुकर्ज (जबरदस्तीच्या कृतींना प्रतिबंध) या नावाच्या या कायद्याची काही वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कर्ज देणाऱ्या संस्थेने जिल्ह्यातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. कर्जासाठी तारण मागता येत नाही. जबरदस्तीच्या वसुलीसाठी १० वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोलीस अधिकाऱ्याला तक्रार नोंदवण्यास नकार देता येत नाही आणि पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला स्वतःहून गुन्हा दाखल करता येतो. परवाना व नोंदणी नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांतील व्यक्तीला दिलेले कर्ज व्याजासह फिटल्याचे मानले जाते.

तथापि येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत असलेल्या बँका व वित्तीय कंपन्या या अध्यादेशाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. म्हणून ‘कर्नाटकात सर्व छोटी कर्जे माफ झाली’ हा समज चुकीचा आहे. कर्ज नेमके कोणाचे आहे, यावर कोणता नियम लागू होईल हे अवलंबून असते. नोंदणी नसलेल्या सावकाराविरुद्ध हा कायदा, १९६१ चा कर्नाटक सावकारी कायदा आणि अवाजवी व्याज आकारणीस प्रतिबंध करणारा २००४ चा कायदा यांचा आधार मिळतो. नोंदणीकृत संस्थेविरुद्ध मात्र रिझर्व्ह बँकेचे निर्देश हा मुख्य आधार होय.

सव्वाशे वर्षांहून जुना धडा

कर्ज वसूल करण्याचा हक्क आणि वसुलीची पद्धत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. सारा मात्र वाढला आणि सावकारांचा तगादा सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगलीचा भडका उडाला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्याकडील कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता. ती कागदपत्रे जाळण्यात आली. चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने न्यायालयाला केवळ रोख्यावरील आकडा न पाहता व्यवहाराचा मूळापासून इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले.

कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षात हाती पडलेली रक्कम यांतील अंतर आजही कायम आहे. प्रक्रिया शुल्क, विमा, दंडव्याज आणि वसुलीचा खर्च मिळून मूळ कर्ज कितीतरी फुगलेले असते. त्यामुळे जुन्या कर्जाची मागणी आल्यावर पहिला प्रश्न ‘पैसे कधी देणार’ हा नसून ‘हिशेब काय’ हा असावा लागतो.

वसुली प्रतिनिधीच्या मर्यादा

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ मध्ये बँकांच्या वसुली प्रतिनिधींबाबत सविस्तर परिपत्रक काढले. प्रतिनिधीची माहिती बँकेने कर्जदाराला आधी कळवली पाहिजे आणि प्रतिनिधीजवळ ओळखपत्र व अधिकारपत्र असले पाहिजे, हे त्यातील सूत्र होते. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनकर्जाच्या एका प्रकरणात बँकांनी वसुलीसाठी गुंडांचा वापर करू नये, असे बजावले होते. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली.

सूक्ष्म वित्तासाठीचे निर्देश अधिक काटेकोर आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार ३ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्म वित्त कर्ज होय. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे महिना २०,००० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबावर १०,००० रुपयांहून अधिक हप्त्यांचा बोजा टाकता येत नाही. वसुली परस्परसंमतीने ठरलेल्या ठिकाणीच करावयाची असते. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे आला नाही, तरच कर्मचाऱ्याला त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. वारंवार फोन करणे, सकाळी ९ पूर्वी किंवा सायंकाळी ६ नंतर फोन करणे, शिवीगाळ वा धमकी, नातेवाईक, मित्र व सहकाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे, तसेच कर्जाच्या रकमेबाबत किंवा न फेडल्यास होणाऱ्या परिणामांबाबत दिशाभूल करणे ही सर्व वसुलीची कठोर व निषिद्ध कृत्ये ठरवण्यात आली आहेत.

मोबाइल ॲपवरील कर्जांचा प्रश्न बेंगळुरूशी विशेष निगडित आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने शहरात टाकलेल्या छाप्यांचा आधार बेंगळुरू सायबर पोलिसांनी नोंदवलेले १८ गुन्हे हा होता. छोटी कर्जे देऊन नंतर कर्जदारांना छळणे व त्यांच्याकडून खंडणी उकळणे, असे त्या गुन्ह्यांचे स्वरूप होते. अशा ठिकाणी प्रश्न बँकिंग नियमांपुरता राहत नाही. धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली, खंडणी कलम ३०८ खाली, घरात बेकायदा घुसणे कलम ३२९ खाली आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणारे शब्द वा हावभाव कलम ७९ खाली गुन्हा ठरतो.

मुदतबाह्य कर्ज : एक उदाहरण

जुन्या कर्जाबाबत सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे १९६३ चा मुदतीचा कायदा. साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा दाखल करण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असते. त्यानंतर दाखल झालेला दावा, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा मांडला नसला तरी, न्यायालयाने फेटाळला पाहिजे असे कलम ३ सांगते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रकरण घेता येईल. पीण्यातील एका कपडे कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीने घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता १५ जून २०१९ रोजी देय होता. त्यानंतर तिने काहीही भरले नाही. साध्या हिशेबाने मुदत जून २०२२ मध्ये संपते. परंतु कोविड साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. १५ मार्च २०२० पर्यंत ९ महिने उलटले होते. उरलेली २ वर्षे ३ महिने १ मार्च २०२२ पासून मोजली जातील. म्हणजे मुदत मे २०२४ च्या अखेरीस संपते. साथीच्या काळातील कोणत्याही थकीत कर्जाचा हिशेब करताना हा वगळलेला काळ विसरून चालत नाही.

आता २०२३ मध्ये प्रतिनिधी आला आणि ‘निदान ५०० रुपये भरा, म्हणजे वरून त्रास होणार नाही’ असे म्हणाला, तर? मुदत संपण्यापूर्वी दिलेली अंशतः रक्कम, तिची कर्जदाराच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी नोंद असल्यास, कलम १९ नुसार नवी मुदत सुरू करते. मुदतीच्या आत कर्ज लेखी मान्य केल्याचाही कलम १८ नुसार हाच परिणाम होतो. तोच प्रतिनिधी २०२५ मध्ये आला, तर केवळ ५०० रुपये भरल्याने संपलेली मुदत परत येत नाही. मात्र कर्ज फेडण्याचे सहीनिशी लेखी वचन दिले, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार तो नवा, अंमलबजावणीयोग्य करार ठरतो. म्हणून न वाचलेल्या कागदावर सही न करणे ही कर्जदाराची पहिली खबरदारी होय.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला, मुदत संपल्याने कर्ज नाहीसे होत नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. धनको सभ्यपणे मागणी करू शकतो, तसेच कर्जदार स्वेच्छेने फेडूही शकतो. दुसरा, सर्वच कर्जांना ३ वर्षांची मुदत लागू नाही. स्थावर मालमत्तेच्या गहाणखतावरील रकमेसाठी मुदत १२ वर्षे आहे. न्यायालयाचा हुकूमनामा झाला असल्यास त्याच्या अंमलबजावणीची दरखास्तही १२ वर्षांपर्यंत देता येते.

तुरुंगाची धमकी आणि जप्तीची भीती

‘पैसे भरले नाहीत तर अटक होईल’ ही वसुलीतील सर्वांत परिणामकारक धमकी. प्रत्यक्षात कर्ज न फेडता येणे हा गुन्हा नाही. हुकूमनाम्यानंतरही, ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही अशा ऋणकोला केवळ तेवढ्यासाठी तुरुंगात टाकणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा हा निर्णय परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटकच करता येत नाही. सूक्ष्म वित्ताच्या कर्जदारांत बहुसंख्य स्त्रिया असताना ही तरतूद किती जणींना ठाऊक असेल?

कलम ६० मध्ये जप्तीपासून मुक्त असलेल्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, भविष्यनिर्वाह निधी, तसेच मजूर व घरकामगार यांची मजुरी यांना हात लावता येत नाही. पगारदाराच्या बाबतीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे १३,००० रुपये पगार असल्यास ९,००० रुपये सुरक्षित राहतात. एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालू शकत नाही. शिवाय जप्ती न्यायालयाचा अधिकारी करतो, वसुली प्रतिनिधी नव्हे. दारात उभा राहून दूरचित्रवाणी संच किंवा गॅसची शेगडी उचलून नेणाऱ्याला कोणताही कायदेशीर अधिकार नसतो.

याला अपवाद धनादेशाचा. दिलेला धनादेश वटला नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. स्वयंचलित हप्ता-वजावटीचा आदेश पुरेशा रकमेअभावी परत गेल्यास २००७ च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. म्हणून कोरे, सही केलेले धनादेश देणे घातक ठरते आणि अशी नोटीस आल्यास ती दुर्लक्षून चालत नाही.

करावयाच्या गोष्टी

प्रत्यक्ष व्यवहारात कर्जदाराने काय करावे, याचा क्रम साधा आहे. प्रथम, मागणी करणारा कोण हे तपासावे. कर्ज दुसऱ्या कंपनीकडे हस्तांतरित झाले असल्यास त्याचा लेखी पुरावा, तसेच प्रतिनिधीचे अधिकारपत्र आणि कर्जाचा पूर्ण उतारा मागावा. दुसरे, शेवटचा हप्ता कधी भरला त्याची तारीख पासबुकावरून निश्चित करावी. तिसरे, अन्न, भाडे, औषध व शाळा यांचा खर्च बाजूला ठेवून उरणारी रक्कम काढावी आणि तेवढाच प्रस्ताव द्यावा; एक तगादा थांबवण्यासाठी दुसरे कर्ज काढू नये. चौथे, तडजोड झाल्यास ती पूर्ण व अंतिम असल्याचे पत्र पैसे भरण्यापूर्वी घ्यावे, रक्कम पावतीशिवाय रोखीने देऊ नये आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. कर्ज मुदतबाह्य झाल्याची शंका असल्यास मात्र प्रस्तावापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वसुली कार्यालयाची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स यांतील फरक ओळखावा. समन्सवर न्यायालयाचे नाव, शिक्का व प्रकरण क्रमांक असतो आणि तो क्रमांक ई-कोर्ट सेवेवर पडताळता येतो. खरे समन्स आल्यास ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढू शकते. भीतीपोटी गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. लोकअदालतीतील निवाडाही हुकूमनाम्यासमान असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून न पेलणारा हप्ता तेथे कबूल करू नये.

तक्रार प्रथम संबंधित संस्थेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार सर्व स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० असून कर्नाटक राज्य प्राधिकरणाचे कार्यालय बेंगळुरूत एच. सिद्धय्या रस्त्यावरील ‘न्याय देगुल’ या इमारतीत आहे.

अपुरा राहिलेला दुवा

या सर्व संरक्षणानंतरही एक मोठी उणीव उरते. ज्याला कर्ज फेडणे खरोखरच अशक्य आहे, त्याला सन्मानाने नवी सुरुवात करण्याचा मार्ग कोणता? २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत त्यासाठी ‘नवप्रारंभ’ प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ती आखण्यात आली. तथापि व्यक्तींविषयीचा हा भाग डिसेंबर २०१९ मध्ये केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला. सर्वसामान्य कर्जदाराला १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याकडेच पाहावे लागते. शिवाय २०१६ मध्ये ठरवलेले हे आकडे आज बेंगळुरूतील एका कामगाराच्या वेतनाशीही जुळत नाहीत. कोट्यवधींच्या कंपनी-कर्जांसाठी न्यायाधिकरण आणि काही हजारांच्या कर्जासाठी दारातला प्रतिनिधी, ही विषमता धोरणकर्त्यांसमोरील खरे आव्हान आहे.

दुसऱ्या बाजूचाही विचार आवश्यक आहे. वसुलीच पूर्णपणे थांबली, तर पतपुरवठा आटतो. आंध्र प्रदेशात २०१० नंतर हाच अनुभव आला. संस्थात्मक कर्ज आटले की गरीब माणूस पुन्हा खासगी सावकाराकडे वळतो. म्हणून सरसकट माफी किंवा अनिर्बंध तगादा यांपैकी एकाची निवड करण्याचा हा प्रश्न नाही. कर्ज देतानाच परतफेडीची क्षमता तपासणे, वसुलीत माणसाची प्रतिष्ठा राखणे आणि खऱ्या नादारीला कायदेशीर शेवट देणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच वित्तीय समावेशनाला अर्थ प्राप्त होईल.

उद्याच्या प्रशासनात तहसीलदार, पोलीस अधिकारी किंवा बँक व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्यांसमोर असा कर्जदार नक्कीच उभा राहील. त्याची तक्रार ‘हा तुमचा खासगी व्यवहार आहे’ असे म्हणून परत पाठवायची, की व्यवहार खासगी असला तरी धमकी हा गुन्हा आहे हे जाणून ती नोंदवून घ्यायची, हे त्या अधिकाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून राहील.